सोबतची वस्तू

१

गफूर होडेकर यांचं पत्र मला १९७९ च्या सप्टेंबरात आलं. त्याला मी उत्तर लिहिलं नाही. ते का लिहिलं नाही, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. होती ती निव्वळ लाज.

मी तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन रत्नागिरीच्या एका जुन्या वाचनालयात संदर्भ विभाग सांभाळत होतो. सांभाळत होतो म्हणजे कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असत, आणि कुणी काही विचारलं तर मला घाम फुटत असे. पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर आलं होतं, पण त्यावर नाव माझं होतं. शाळेच्या वहीची दोन पानं, तारेने टाचलेली. अक्षर मोठं आणि सावकाश काढलेलं.

‘शेवडेमास्तर यांस बुरोंडीच्या गफूर होडेकरचा सलाम. आपण मला ओळखत नाही. लढाईच्या काळात मी बाँबफेकी विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये होतो. आमच्या स्क्वाड्रनची जुनी रजिस्टरं आपल्या वाचनालयात आली आहेत असं कळलं. सोबतची वस्तू १९४४ च्या शस्त्रखात्याच्या रजिस्टरात, ११ मार्चच्या पानाशी ताडून पाहावी. वस्तूचं नाव लिहीत नाही, कारण हे पाकीट आधी कोण उघडील ते मला माहीत नाही. आपण पाहिलीत की समजेल. पस्तीस वर्षं माझ्यावर डाग आहे. आपण सरळ माणूस आहात असं ऐकलं, म्हणून लिहिलं. उत्तराची वाट पाहतो.’

मी पाकीट उलटं करून झटकलं. आत काही नव्हतं. टेबलाखाली पाहिलं, केराच्या टोपलीत पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. वस्तू नव्हती.

एका माणसाने पस्तीस वर्षं जपलेली वस्तू माझ्याकडे पाठवली आणि ती माझ्या टेबलावरून नाहीशी झाली, हे त्याला कोणत्या शब्दांत कळवायचं? आधी शोधू, मग लिहू, असं म्हणत मी दिवाळी घालवली. मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटू लागली. १९८३ मध्ये बुरोंडीचे एक गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, गफूर होडेकर गेले. तेव्हा पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

१९८५ च्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी, माझ्या टेबलासमोर तिशीची एक बाई उभी राहिली. सुती साडी, खांद्याला पिशवी, प्रवासाने दमलेला चेहरा.

“शेवडेसर आपणच का?” ती म्हणाली. “मी इशरत. गफूर होडेकरांची मुलगी. दापोलीला शाळेत शिकवते. अब्बांच्या पत्राला उत्तर द्यायचं आपलं राहिलं असेल, नाही का?”

२

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

तिने पिशवीतून गावच्या साप्ताहिकाचा अंक काढला. विंग कमांडर जोगळेकर आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. निवृत्तीनंतर पावसला त्यांनी आंब्याची बाग केली होती, आणि गेली काही वर्षं ते आपल्या स्क्वाड्रनचा इतिहास लिहीत होते. त्याचं एक प्रकरण साप्ताहिकात आलं होतं. पुस्तकाची शेवटची मुद्रितं तपासायला माझ्याच टेबलावर पडली होती. शनिवारी ती छापखान्यात जायची होती.

इशरतने बोट ठेवलं ती ओळ मला पाठ होती. आदल्या आठवड्यात मीच तिच्यातली वेलांटी सुधारली होती. ‘११ मार्च रोजी के अक्षराच्या विमानाचे दोन्ही बाँब पुलावर अचूक पडले, पण फुटले नाहीत. शस्त्रखात्यातील गफूर होडेकर याच्या हलगर्जीपणाची किंमत पुढील दोन दिवसांत पायदळाच्या सतरा जवानांनी मोजली.’ सुधारताना तो गफूर होडेकर कोण ते मला ठाऊक होतं. तरी मी वेलांटीच सुधारली.

“अम्मीला वाचता येत नाही,” इशरत म्हणाली. “शेजारच्या सोनूबाईने वाचून दाखवलं. तिला बिचारीला काय माहीत, पुढे काय लिहिलंय. अम्मी दोन दिवस जेवली नाही. म्हणते, माणूस मेला तरी ह्यांचं संपत नाही.”

“तुमच्या वडिलांनी काय पाठवलं होतं मला?”

तिने माझ्याकडे बघितलं. “ते मी तुम्हाला विचारायला आलेय.”

मग मी सांगितलं. वस्तू नव्हती, मी शोधली, सापडली नाही, म्हणून लिहिलं नाही. बोलताना मी टेबलावरच्या दौतीकडे पाहत होतो.

“एवढंच?” ती म्हणाली. “‘मिळाली नाही’ एवढं कार्ड टाकलं असतंत तर? त्यांच्याकडे दुसरी होती, सर.”

“दुसरी?”

तिने पिशवीतून तंबाखूचा एक चपटा डबा काढून उघडला. रिकामा. “दोन होत्या ह्यात. काय ते आम्हाला कधी दाखवलं नाही. एक तुम्हाला पाठवली. वर्षभर वाट पाहिली. मग एक दिवस पगारात बसून बाहेर गेले आणि दुसरी समुद्रात टाकली. मी किनाऱ्यावरून पाहिलं, हात वर गेला तेवढा.”

होडीला तिकडे पगार म्हणतात. तो वर गेलेला हात मला त्या क्षणी दिसला, आणि पुढे बरेच दिवस दिसत राहिला.

डब्याच्या तळाशी गंजाचे दोन लांबट डाग होते. प्रत्येक डाग म्हणजे शेजारी शेजारी दोन बारीक रेघा, एका टोकाला जुळलेल्या. मध्ये लाल सुताचा एक तंतू चिकटला होता.

“शनिवारपर्यंत वेळ आहे,” मी म्हणालो. एवढं धाडसी वाक्य मी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो.

“मी राजिवड्याला मावशीकडे उतरलेय,” ती म्हणाली. “उद्या येते.”

३

पाकीट माझ्या हाती पडेपर्यंत एकाच माणसाच्या हातातून गेलं असणार. दादू, आमचा शिपाई. टपाल तोच आणायचा, आणि पाकिटांवरची तिकिटं सोडवून जमवायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

“दादू, बुरोंडीहून आलेलं एक पाकीट आठवतंय? पाच वर्षं झाली.”

“पाच वर्सं!” दादू म्हणाला. “मास्तर, काल काय जेवलो ता मना आठवत नाय.”

“जाड होतं. त्यातली एक वस्तू हरवली.”

दादू ताठ झाला. “म्हंजे मी चोरलं म्हणता? तीस वर्सं हय केर काडतोय. तिकिटाशिवाय कसल्याला हात लावला असंल तर ह्यो हात झडो.”

“तसं नाही म्हणत मी...”

“म्हणता नाय, पन बगता तसंच.” मग तो थबकला. “थांबा. बुरोंडीचा? त्या पाकिटानं माजं रगत काडलान! तिकीट सोडवायला ग्येलो आनि कोपऱ्यातना कायतरी बोटात घुसलं. मी म्हनलो, ह्यो कोन वैद पाकिटातना सुई धाडतो?”

“फाटलं होतं पाकीट?”

“फाटंल कशानं? डिंकानं असं चिकटवलंन व्हतं की तुमालाच फोडता येयना. तुमी कात्रीनं कापलंवत, हयच बसून. मी बोट चोखत उबा व्हतो, तुमाला पत्ताच नाय!”

म्हणजे वस्तू पाकिटात होती, ती टोचणारी होती, आणि बंद पाकीट मी माझ्या हाताने कापलं होतं. मग ती गेली कुठे?

संदर्भ विभागात जाऊन मी कपाट उघडलं. स्क्वाड्रनची सहा रजिस्टरं असायची, पाचच होती. शस्त्रखात्याचं नव्हतं. देवघेवीच्या वहीत नोंद सापडली: जोगळेकर, २२ सप्टेंबर १९७९. परत केल्याची नोंद नव्हती.

पत्र आलं होतं १९ तारखेला.

४

बुधवारी इशरत आली तेव्हा मी ती वही तिच्यापुढे ठेवली.

“मग सरळच आहे की,” ती म्हणाली. “के विमान चालवत कोण होतं?”

“जोगळेकरसाहेबच. त्यांनी कधी लपवलं नाही. ते माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. पाकिटातून काही पडलं असेल, त्यांनी उचललं असेल...”

“तुम्ही पाहिलंत उचलताना?”

“नाही.”

“मग चोर म्हणू नका,” ती एकदम म्हणाली. “न पाहता ठरवलं की काय होतं ते आमच्या घराला विचारा.”

ती मुद्रितं चाळू लागली. मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून ‘हलगर्जी’ हा शब्द पाहायला शब्दकोश ओढला. तसा मला तो ठाऊक होता. पण घाबरलो की मी शब्दकोश उघडतो. नेहमीप्रमाणे तो माझ्या खुणेच्या जागी उघडला. लाल फीत बोटाने बाजूला सारली आणि शब्द वाचला: निष्काळजी, बेफिकीर.

बेफिकीर मी नव्हतो. त्या दिवशी मी पाकीट कापलं, दोन पानं काढली, पाकीट झटकलं, काही पडलं नाही. म्हणजे वस्तू पाकिटात सुटी नव्हतीच. पानांबरोबर बाहेर आली असणार. पानांबरोबर काय बाहेर आलं? काहीच नाही. दोन पानं, आणि ती जोडणारी...

मी डबा पुन्हा उघडला. शेजारी शेजारी दोन रेघा, एका टोकाला जुळलेल्या. लाल सूत. दादूचं बोट.

“इशरतबाई,” मी म्हणालो, “कागद जोडायला तुमच्या घरी टाचण्या असायच्या?”

“मासेमाऱ्याच्या घरी कसल्या टाचण्या?”

मी शब्दकोशातली माझी खूण बाहेर काढली. जाड तारेची, मध्ये दुमडलेली, दोन पायांची पिन. टोकाला विटक्या लाल कापडाची पट्टी, आणि पट्टीत शिवलेलं बटणासारखं काहीतरी टणक. पाच वर्षांपूर्वी एका पत्राची पानं सुटी करताना ती मला आवडली होती. पुस्तकात खुणेला छान, असं वाटलं होतं. पत्र मी फाइलला लावलं आणि पिन शब्दकोशात ठेवली. त्यानंतर पाच वर्षं, उत्तराचा योग्य शब्द शोधण्यासाठी, मी तीच बाजूला सारत आलो होतो.

इशरतने ती हातात घेतली. पट्टीच्या शिवणीचा एक टाका तिने नखाने उसवला. आत पितळेची लहानशी चकती होती. तिच्यावर ठोकलेला आकडा: ४१.

“हे काय आहे?” ती म्हणाली.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “पण हे ज्याला माहीत आहे तो पावसला राहतो.”

५

गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही पावसला गेलो. बागेत मोहर गच्च होता आणि जोगळेकरसाहेब दगडी गडग्याशी उभे राहून औषध फवारणाऱ्या गड्यांवर ओरडत होते. मला पाहून हसले.

“या मास्तर! मुद्रितं घेऊन स्वतः आलात? अहो, तुम्ही भाट्याचा पूल ओलांडलात म्हणजे पेपरात द्यायला हवं!”

“साहेब, ह्या इशरत. गफूर होडेकरांच्या कन्या.”

हसू राहिलं, पण त्यातला माणूस गेला.

ओटीवर बसल्यावर मी पिन त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही.

“ही कुठे मिळाली?”

“आधी ही काय आहे ते सांगा,” इशरत म्हणाली.

ते शिकवल्यासारखं बोलू लागले. “बाँबच्या शेपटीला लहान पंखा असतो. जमिनीवर तो फिरू नये म्हणून त्यात ही पिन. विमान निघायच्या आधी आर्मरर, म्हणजे तुमचे वडील, ती काढून घेतो. पुढे टाकायच्या वेळी पायलटने एक बटण लावायचं. दोन्ही झालं तर बाँब जिवंत. एकही राहिलं तर तो नुसता लोखंडाचा गोळा.”

“रजिस्टर आहे तुमच्याकडे,” मी म्हणालो. “२२ सप्टेंबरला नेलंत.”

“हो. प्रकरण लिहायला घेतलं होतं. परत करायचं राहिलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?” ते आत गेले आणि रजिस्टर घेऊन आले. ११ मार्चचं पान त्यांना शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं. “पिना कमी पडायच्या म्हणून आमच्याकडे प्रत्येकीला नंबर होता. कुठल्या विमानाला कुठल्या लावल्या, आणि काढल्यावर परत किती आल्या, दोन रकाने. बघा. बाकी पाच विमानांच्या परत आल्या. के विमान...”

ते थांबले.

“वाचा, साहेब,” मी म्हणालो.

“के. एकेचाळीस आणि बेचाळीस. परतीचा रकाना रिकामा.” त्यांनी बोट उचललं नाही. “ह्या रिकाम्या रकान्यावरच त्याला शिक्षा झाली. पिना परत आल्या नाहीत, म्हणजे बाँबबरोबर गेल्या. दुसरा पुरावा लागलाच नाही.”

मी पितळी चकती त्यांच्याकडे वळवली. “जी पिन बाँबबरोबर ब्रह्मदेशात, आराकानातल्या पुलावर पडली, ती बुरोंडीला तंबाखूच्या डब्यात कशी आली?”

त्यांनी चकतीवरचा आकडा आणि रकान्यातला आकडा पुन्हा ताडून पाहिला.

“त्याच दुपारी अब्बा तापाने पडले,” इशरत म्हणाली. “इस्पितळात शुद्धीवर आले तेव्हा चौकशी संपलेली. एवढं ते सांगायचे. आणि म्हणायचे, बोटीने घरी येताना मला माझ्या खिशात माझं नाव सापडलं, पण दाखवायचं कुणाला? आम्हाला वाटायचं, दुखावलेला माणूस, काहीतरी बोलतो. ते खिशातलं हे असणार.”

जोगळेकरसाहेबांनी चष्मा काढला. “मास्तर, हे बघा. माणूस गेला. चाळीस वर्षं झाली. मी अजून ह्या गावात आहे. वाटलं तर त्याचं नाव गाळू. ‘तांत्रिक कारणाने’ लिहू. कुणाला दोष नको.”

त्यांनी अध्यक्ष म्हणून सांगितलेलं मी कधी मोडलं नव्हतं. ‘बरं’ हा शब्द तोंडात तयार होता.

“साहेब,” मी म्हणालो, “ही पिन पाच वर्षं माझ्याकडे होती. पहिल्या महिन्यात मी एक ओळ लिहिली असती तरी ह्यांच्या वडिलांना पुरली असती. मी गप्प बसलो, कारण मला माझी लाज वाटत होती. त्या गप्प बसण्याने माझं काहीच राखलं गेलं नाही. त्यांचं मात्र गेलं. चौकशीत तुम्हाला एक तरी प्रश्न विचारला असेलच.”

ते बोलले, पण माझ्याशी नाही, इशरतशी.

“आमचा एक रिवाज होता. आर्मररने पिना हातात धरून पायलटला दाखवायच्या. पायलटने अंगठा वर करायचा. मगच चाकांखालचे ठोकळे काढायचे. तुमचे वडील पंखाखालून बाहेर आले, हात वर केला. दोन लाल पट्ट्या. वाऱ्यावर फडफडत होत्या. मी अंगठा वर केला. चौकशीत विचारलं, पिना पाहिल्यात का? मी म्हटलं, आठवत नाही.”

“आणि बटण?” तिने विचारलं.

“ते खरंच आठवत नाही. सूर मारताना खालून गोळ्या येत होत्या. पण पिना निघाल्या होत्या म्हटल्यावर दुसरं काय राहतं? मी सव्वीस वर्षांचा होतो, एवढंच कारण आहे. ते पुरत नाही, हे मला कळतं.”

मी पिशवीतून मुद्रित काढून त्यांच्यापुढे ठेवलं, वर पेन्सिल. त्यांनी ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं: ‘बाँब फुटले नाहीत, कारण ते जिवंत करणारं बटण मी लावलं नव्हतं. गफूर होडेकर यांनी आपलं काम चोख केलं होतं. काढलेल्या पिना त्यांनी मला दाखवल्या होत्या. मी ते चौकशीत सांगितलं नाही.’

“शुद्धलेखन पाहून घ्या, मास्तर,” ते म्हणाले.

त्यात एकही चूक नव्हती.

आम्ही उठलो तेव्हा ते इशरतला म्हणाले, “बुरोंडीला तुमच्या आईंना भेटायला येईन म्हटलं, तर खरं वाटेल?”

“नाही,” ती म्हणाली. मग पायरीवर थांबून म्हणाली, “पण आलात तर पाणी देऊ.”

६

मुद्रितं शनिवारी छापखान्यात गेली. मी स्वतः नेऊन दिली आणि ते पान जुळवून होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

त्याआधी, शुक्रवारी सकाळी, इशरतची दापोलीची बस होती. मी स्टँडवर गेलो, पिन रुमालात बांधून. ती घेईना.

“अम्मीला सगळं सांगा,” मी म्हणालो. “आणि उत्तर मी आता लिहितोच. म्हणाल तर इथे बसून लिहून हातात देतो.”

“हातात नको, सर. पोस्टाने पाठवा.” बस लागली होती, माणसं दाराशी ढकलाढकली करत होती, तरी ती सावकाश बोलली. “पोस्टमन आमच्याकडे दुपारी येतो. अब्बा समुद्रावर जायचे नाहीत त्या दिवशी पायरीवर बसायचे. ते गेले तरी अम्मीची सवय मोडली नाही. सायकलची घंटा वाजली की अजून दाराशी येते. एकदा तरी तो थांबू दे.”

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या कागदावर मी माझीच हकिगत चार पानं लिहिली आणि फाडून टाकली. गेलेल्या माणसाला माझ्या स्वभावाचं काय करायचं होतं? शेवटी जमलं ते असं:

‘श्री. गफूर होडेकर यांस, त्र्यंबक शेवडे याचा नमस्कार. आपलं पत्र १९ सप्टेंबर १९७९ रोजी मिळालं. सोबतची वस्तूही मिळाली होती, मी ती ओळखली नाही. आपण सांगितल्याप्रमाणे आता ती ११ मार्चच्या पानाशी ताडून पाहिली. के विमान, पिन नंबर ४१. जुळते. आपण पिना काढल्या होत्या. ज्यांना दाखवल्या त्यांनी तसं स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे, आणि पुस्तकात ते तसंच छापलं जाईल. आपण वाट पाहिलीत. उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली, याची क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही, म्हणून मागत नाही. सोबत: आपली पिन, लाल पट्टीची, नंबर ४१.’

वस्तूचं नाव मी मुद्दाम ठळक अक्षरात लिहिलं. पानं दोन झाली. ती कशाने जोडावीत, हा प्रश्न पडला नाही.

पोस्टात खिडकीशी गर्दी नव्हती. कारकुनाने पाकीट हातात तोलून पाहिलं, कोपरा दाबून पाहिला आणि बोट झटकलं.

“टोचतंय काय आत?”

“पिन आहे. रजिस्टर करायचंय.”

त्याने पत्ता वाचला. गफूर होडेकर, आणि खाली, घेणार म्हणून इशरतच्या अम्मीचं नाव: खुर्शीद होडेकर, बुरोंडी, तालुका दापोली. “सही लागेल. दुपारी घरी असतं ना कुणी? नाहीतर परत येतं हो.”

“असतं,” मी म्हणालो. “दारातच असतात.”

त्याने शिक्का मारला.